वाचवलेला मुक्काम

दक्षिण यात्रेच्या कार्यक्रमपत्रिका हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी येतात आणि त्यांतला तंजावरचा दिवस बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पहाटे चारला रामेश्वर सोडायचे, दहाच्या सुमारास तंजावर. बृहदीश्वराचे दर्शन, १८०३ सालच्या मराठी शिलालेखापुढे फोटो, राजवाडा आणि सरस्वती महाल, जेवण उरकून कुंभकोणम, संध्याकाळी चिदंबरम. मग रात्रभर प्रवास करून सकाळी तिरुपती. गाडी सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, चालक एक. रात्र गाडीत काढल्यामुळे लॉजचे भाडे वाचते, आणि हा या आखणीचा मोठा गुण समजला जातो. मोठ्या प्रवासी व्हॅनमधल्या धोक्याबद्दल बोलायचे तर सुरुवात या कागदापासून करायला हवी. तो धोका पुष्कळसा गाडी सुरू होण्याआधीच, आपल्या बैठकीच्या खोलीत, आपल्याच हाताने ठरलेला असतो.

तंजावर जिल्ह्यातल्याच दोन घटना पाहा. जानेवारी २०२४ मध्ये तूतुकुडीहून वेलांकनीला निघालेली व्हॅन सेतुबावाछत्रमजवळ पुलाच्या कठड्यावर आदळली आणि चार जण गेले. जवळच समुद्रकाठी शरभोजी राजांनी बांधलेला मनोरा उभा आहे, तोच हा परिसर. मे २०२५ मध्ये तंजावर-त्रिची रस्त्यावर सेंगिपट्टीजवळ सरकारी बस आणि वेलांकनीकडे जाणारी टेम्पो व्हॅन यांची टक्कर झाली. त्यात किमान पाच जणांचा जीव गेला. दोन्ही व्हॅनमधली माणसे यात्रेला निघालेली होती.

आता आपल्या बाजूला या. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी मिनीबस ट्रकवर मागून आदळली. १२ जण ठार झाले. गाडीत ३५ माणसे होती. जून २०२४ मध्ये हावेरी जिल्ह्यात, पुणे-बंगळूर महामार्गावर, देवदर्शन करून गावी परतणाऱ्यांची टेम्पो ट्रॅव्हलर पहाटे उभ्या लॉरीत घुसली आणि १३ जण गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थानात फलोदीजवळ पुन्हा तेच घडले. उभा ट्रेलर, यात्रेहून परतणारी ट्रॅव्हलर, १५ मृत्यू. राज्ये आणि देवस्थाने वेगळी आहेत, पण अपघाताचा साचा ओळखीचा आहे. काळोख, परतीची घाई, समोर थांबलेले अवजड वाहन आणि न लागलेले ब्रेक.

या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे आणि तो आधीच घेतो. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. मग व्हॅनचीच एवढी काळजी का? कारण दुचाकीच्या अपघातात एक-दोन माणसे जातात, व्हॅनच्या अपघातात घर जाते. आजी, दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुले, शेजारच्या काकू असे एकाच अंगणातले लोक एका पत्र्याच्या डब्यात बसलेले असतात. मागे उरणाऱ्यांचे सांत्वन करायलाही कुणी उरत नाही. शिवाय दुचाकीवाल्याला रोज बाहेर पडण्यावाचून इलाज नसतो. यात्रेचा दिवस, वेळ आणि वेग मात्र आपण निवडलेला असतो.

गाडीला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. टेम्पो ट्रॅव्हलर हे पुण्याच्या आकुर्डीतल्या उद्योगाचे अपत्य आहे. १९८७ साली ती बाजारात आली आणि मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला एकत्र प्रवास करणे तिने परवडण्याजोगे केले. बस मोठी पडते, दोन-तीन मोटारी महाग पडतात, त्यांच्या मधली ही जागा तिने भरून काढली. पण या घाटाच्या गाडीचा एक स्वभाव आहे आणि तो बसणाऱ्याला माहीत असायला हवा.

अमेरिकेत पंधरा आसनी व्हॅन शाळा, चर्च आणि खेळाचे संघ सर्रास वापरत. तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००१ साली इशारा दिला, की दहा किंवा अधिक माणसे बसलेली अशी व्हॅन एकट्याने अपघातात सापडली तर ती उलटण्याचे प्रमाण कमी भरलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट असते. कारण साधे आहे. माणसे भरली की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि मागेही सरकतो. शेवटची रांग मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबत असते, त्यामुळे मागचा भाग जड होतो आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सैल पडते. अचानक स्टिअरिंग फिरवले, की मागचा भाग बाहेर फेकला जातो. रिकाम्या गाडीवर हात बसलेला चालक भरलेल्या गाडीतही तोच झटका देतो आणि तिथे घात होतो. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात बाथर्स्ट इथे १२ जानेवारी २००८ च्या रात्री शाळेचा बास्केटबॉल संघ सामना खेळून अशाच व्हॅनमधून परतत होता. गाडी निसरड्या रस्त्यावर घसरून ट्रकवर गेली. सात मुले आणि प्रशिक्षकांची पत्नी गेली. त्यानंतर त्या प्रांताने शाळेच्या मुलांसाठी ही गाडी वापरणेच बंद केले. आपली ट्रॅव्हलर आणि ती अमेरिकी व्हॅन एकच नव्हेत, बांधणीत फरक आहे. पण उंच, अरुंद, लांब आणि मागे भरलेल्या गाडीला लागू पडणारे भौतिकशास्त्र दोन्हीकडे सारखेच आहे.

त्यात आपण भर घालतो ती टपावरच्या कॅरिअरची. तंजावर-कुंभकोणमच्या फेरीत हे ओझे वाढतच जाते. नाचियारकोइलच्या पितळी समया, कुंभकोणमची भांडी, काचेत जडवलेली तंजावर चित्रे. आत पाय ठेवायला जागा राहत नाही म्हणून बॅगा वर चढतात, ताडपत्री ओढली जाते, दोरी आवळली जाते. दीड-दोनशे किलो वजन गाडीच्या सर्वांत उंच जागी नेऊन ठेवल्यावर वळणावर तिची जी चाल होते, ती शेवटच्या रांगेतल्या माणसाला पोटात कळते. जड सामान आसनांखाली, जमिनीलगत आणि होईल तितके पुढे ठेवावे, एवढे पाळले तरी फरक पडतो.

आणखी एक गोष्ट गाडी ठरवताना कुणी पाहत नाही, टायरचे वय. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांच्या रबराला मे महिन्यातला तामिळनाडूचा डांबरी रस्ता सोसत नाही. आपण सीट कव्हर, एसी, म्युझिक सिस्टिम आणि पडद्यांची चौकशी करतो. वाकून चार आकडे वाचायला एक मिनिट लागते.

आसनाच्या पट्ट्याचेही तेच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले. मागच्या आसनावर, पट्टा न लावता. त्यानंतर काही दिवस देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. ट्रॅव्हलरमध्ये मात्र पट्टे असले तरी कव्हरखाली खोचलेले असतात, कारण ते बसताना टोचतात. गाडी उलटते तेव्हा बांधलेला माणूस आसनाबरोबर राहतो. न बांधलेला माणूस आपटतो, दुसऱ्यावर आदळतो किंवा खिडकीतून बाहेर जातो आणि वर तीच गाडी येते. निघण्यापूर्वी सगळे पट्टे बाहेर काढून द्यायला सांगणे हा भाडे देणाऱ्याचा हक्क आहे.

तरीही टपावरचे ओझे, टायर, पट्टे हे सगळे मला दुसऱ्या क्रमांकाचे वाटते. पहिल्या क्रमांकावर झोप आहे.

साधे गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जागरूक चालकालाही दीड सेकंद लागतो. म्हणजे ३३ मीटर तसेच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने गाडी थांबायला आणखी चाळीसेक मीटर. एकूण सत्तरच्या वर. डिपरवरच्या दिव्याचा उजेड साधारण ४०-५० मीटरपर्यंतच कामाचा असतो. म्हणजे मागचे दिवे बंद असलेली लॉरी रस्त्याकडेला उभी असेल, तर पूर्ण जागा असलेला चालकसुद्धा ८० च्या वेगात तिच्याआधी थांबू शकत नाही. ६० वर आला तर जेमतेम थांबेल. चौपदरी रस्त्यावर अशा गाडीला २०१८ च्या अधिसूचनेने ९० पर्यंत मुभा दिली आहे आणि त्यात दिवस-रात्र असा भेद नाही. हे झाले जाग्या माणसाचे. चार सेकंदांची डुलकी लागली तर गाडी जवळजवळ ९० मीटर कुणाच्याही ताब्यात नसते.

सलग सतरा-अठरा तास जागे असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत पंचवीस वर्षांपूर्वीच दिसून आले. आपल्या कायद्यात मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे तीनला उठून रात्री नऊला चिदंबरम सोडणारा चालक कायद्याच्या भाषेत दारू प्यायलेल्या माणसापेक्षा वाईट अवस्थेत असतो, आणि पुढे अख्खी रात्र पडलेली असते. तोंडाला दारूचा वास आला तर आपण त्या गाडीत चढणार नाही, पोलिसांना फोन करू. लाल डोळ्यांना मात्र आपण चहा पाजतो आणि शेजारी गप्पिष्ट माणूस बसवतो. गप्पा, तंबाखू, थंड पाण्याचा हबका, मोठ्या आवाजातली गाणी, यांपैकी कशानेही झोप भरून निघत नाही. झोपेवर उपाय झोप हाच आहे. वीस मिनिटांची डुलकीही थोडा वेळ निभावून नेते, पण तीसुद्धा गाडी बाजूला घेऊनच काढावी लागते.

बृहदीश्वर मंदिरासमोरच्या वाहनतळावर दुपारी एकच्या उन्हात मी एका चालकाशी बोललो. मागच्या लांब आसनावर तो आडवा झाला होता, पाय खिडकीबाहेर, तोंडावर भिजवलेला पंचा. एसी लावायचा नाही अशी मालकाची ताकीद, डिझेल जाते. मोडक्या हिंदीत त्याने सांगितले, की रामेश्वरला मंडळींना अग्नितीर्थावर पहाटेचे स्नान होते म्हणून तो अडीचला उठला. आदल्या रात्री गाडीतच झोपला होता, डासांमुळे झोप लागली नाही. आज रात्री कुठे मुक्काम, असे विचारल्यावर त्याने हाताने लांबवर रस्ता दाखवला. तक्रारीचा सूर नव्हता. पार्टी चांगली आहे, जेवण देतात, एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याच्या गाडीतली मंडळी माझ्यासारखीच होती. सज्जन, देवभोळी, चालकाला आपल्याबरोबर पंगतीला बसवणारी. त्याच्या झोपेचा हिशेब मात्र त्यांच्या कागदावर कुठेच नव्हता.

ज्या तंजावरात हे घडते त्या गावाला प्रवाशाच्या विश्रांतीचे शास्त्र माहीत होते, ही गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. व्यंकोजी राजांनी इथे मराठी राज्य स्थापन केल्यावर त्यांच्या वंशजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे, म्हणजे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा, उभारली. ओरतनाडूचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या शरभोजींनी १८०२ च्या सुमारास बांधले. सेतुबावाछत्रम हे गावही छत्राभोवतीच वसलेले. या छत्रांच्या जमिनी इंग्रजांच्या ताब्यात जाऊ नयेत म्हणून शरभोजींनी १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहिले, त्यात तिथली व्यवस्था तपशिलाने सांगितली आहे. जातपात न पाहता अन्न, शिजवलेले न खाणाऱ्याला शिधा, लहान मुलांना दूध, आजाऱ्याला वैद्य आणि तो बरा होईपर्यंत आसरा. पावसामुळे पुढे जाता न येणाऱ्याला राहील तितके दिवस जेवण. आणि मध्यरात्री घंटा वाजवून अजून कुणी उपाशी आहे का, याची हाक. काशीहून निघालेला यात्रेकरू रामेश्वरला जिवंत पोहोचावा ही राज्याची जबाबदारी आहे, असे त्या राजाने मानले होते. मुक्काम म्हणजे वाया गेलेला वेळ, हा हिशेबच तिथे नव्हता. यात्रा मुक्कामांचीच बनलेली होती.

आज त्याच वाटेवर रामेश्वर-तंजावर हे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर अंतर आपण न्याहारीआधी कापू पाहतो. याला एक स्थानिक कारण आहे आणि ते मराठी यात्रेकरूच्या लक्षात उशिरा येते. तामिळनाडूतली बहुतेक मोठी देवळे दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात. पंढरपूर-तुळजापूरच्या सवयीने गेलेला माणूस बंद दारापुढे अडकतो. मग पुढच्या वेळी कार्यक्रम असा आखला जातो, की सकाळचे देऊळ बंद होण्याआधी गाठायचे, दुपारची बंदची वेळ रस्त्यावर घालवायची आणि संध्याकाळी दुसरे देऊळ. कागदावर ही आखणी हुशारीची दिसते. पण माणसाच्या शरीरात झोपेची ओढ दोन वेळा अनावर होते, पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार. म्हणजे नेमक्या त्या दोन वेळांत आपण चालकाला चाकावर बसवतो. देव विश्रांती घेतात ती दुपारची वेळ चालकाच्याही विश्रांतीची ठेवली, तर देवळांचे वेळापत्रक अडचण न राहता सोय ठरते. जेवण होताच त्याला पंख्याखाली दोन तास झोपू द्यायचे आणि आपण राजवाड्यातली कलादालने निवांत पाहायची.

पैशाचा प्रश्न खरा आहे. गाडीवाले दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचे भाडे लावतात, गाडी तेवढी चालो न चालो. मग पैसे दिलेच आहेत तर किलोमीटर वसूल करू, अशी बुद्धी होते. एक मुक्काम वाढला की खोल्यांचे भाडे, चालकाचा भत्ता आणि गाडीचा एक दिवस वाढतो. निवृत्तिवेतनातून यात्रा करणाऱ्याला हे जड वाटते, आणि त्याला मी हिणवणार नाही. पण खर्च चौदा-पंधरा जणांत वाटला जातो, आणि तो भागवायला कार्यक्रमातली दोन ठिकाणे गाळता येतात. लांबचे टप्पे रेल्वेने करता येतात. चेन्नईहून तंजावरला रात्रीच्या गाड्या आहेत, एप्रिल २०२५ मध्ये नवा पांबन पूल सुरू झाल्यापासून रामेश्वरलाही रेल्वे पुन्हा जाऊ लागली आहे. व्हॅन तंजावरला ठरवावी आणि तंजावर, कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम एवढ्यासाठी दिवसाउजेडी वापरावी. त्या कामाला ती उत्तम गाडी आहे.

आणि गाळण्याचे धैर्य कुणी दाखवायचे? इथे समूहाची अडचण आहे. पंधरा जणांच्या गाडीत प्रत्येकाला वाटते की थांबूया हे दुसऱ्याने म्हणावे. सुनेला भीती वाटते, पण सासऱ्यांनी कार्यक्रम आखलेला असतो. म्हातारीला वेग जाणवतो, पण आपल्यामुळे खोळंबा नको म्हणून ती गप्प बसते. चालक तर पगारी माणूस, तो ‘मला झोप येते’ असे सांगणार कसा? सांगितले तर दुसऱ्या दिवशी मालकाला फोन जातो. म्हणून थांबण्याचा अधिकार निघण्याआधी कुणाला तरी नावानिशी द्यायला हवा, आणि चालकालाही सर्वांसमक्ष सांगायला हवे की झोप आली म्हणालास तर आम्ही रागावणार नाही. वयाने मोठ्या माणसाने हे म्हटले की त्याला वजन येते.

सरकारची जबाबदारी यामुळे हलकी होत नाही. तामिळनाडूत २०२२ साली ६४,१०५ अपघात झाले, हा देशातला सर्वाधिक आकडा. चालकाने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासच काम करावे, हे १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात लिहिले गेले आणि मोटर वाहन कायद्याने तेच तास मानले. ते मोजतो कोण? युरोपात नऊहून अधिक माणसे नेणाऱ्या गाडीत तास नोंदवणारे यंत्र असते, साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावेच लागते, आणि पोलीस रस्त्यात ती नोंद तपासतो. आपल्याकडे परमिट, कर, विमा तपासला जातो आणि चालक किती वेळ जागा आहे हे विचारले जात नाही. जादा प्रवाशामागे दंड २०० रुपये. रस्त्यात धोकादायक रीतीने गाडी उभी करणे हा गुन्हा आहे, तरी दिवे नसलेले ट्रक रात्रभर महामार्गाच्या कडेला उभे राहतात, कारण त्यांच्या चालकांनाही झोपायला जागा नाही. एका थकलेल्या माणसाने लावलेल्या गाडीवर दुसरा थकलेला माणूस येऊन आदळतो.

तामिळनाडू सरकारने २०२३ साली इमारतींच्या नियमांत बदल करून हॉटेल-लॉजना पाहुण्यांच्या चालकांसाठी झोपण्याची आणि न्हाणीघराची सोय ठेवणे बंधनकारक केले. छत्रांच्या परंपरेला शोभणारा हा नियम आहे आणि महाराष्ट्राने तो जसाच्या तसा उचलावा. शिर्डी, अक्कलकोट, पंढरपूर, गणपतीपुळे इथल्या वाहनतळांवर रात्री एक चक्कर मारली की त्याची गरज कळते. तोवर खोली ठरवताना फोनवर आपणच विचारायचे, ड्रायव्हरला झोपायला खाट आहे का, पंखा आहे का. नसेल तर त्याच्यासाठी एक खोली आपल्या खर्चात धरायची. कार्यक्रमपत्रिका लिहिताना प्रत्येक दिवसापुढे देवळांच्या वेळांसारखीच त्याची झोपण्याची आणि उठण्याची वेळ लिहायची, आणि ती सात तासांची भरत नसेल तर त्या दिवसातले एक ठिकाण खोडायचे.